जमीन कागदावर येते तेव्हा

चित्रकलेचा तास आहे. तू नातेपुत्यात सातवीला आहेस आणि फळ्यावर विषय लिहिलाय, निसर्गचित्र. वर्गातल्या सगळ्या कागदांवर एकच देखावा उतरतो आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर आलेला अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळ. तुझ्या गावाभोवती असे डोंगर नाहीत. लांबवर शिखर शिंगणापूरची रांग दिसते, ती आडवी पसरलेली. शिवारात पाणी येतं ते नीरा उजव्या कालव्याचं. नारळाच्या जागी ऊस आहे आणि बांधावर बाभळी. तरी तू तेच दोन डोंगर काढते आहेस. जमिनीचं चित्र असंच असतं, हे तुला कुणी न सांगताही माहीत आहे. त्याआधी तू पट्टी धरून कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ मारली आहेस. ते क्षितिज.

त्या रेघेवर बोट ठेव. आपण तिथून मागे जाऊ.

इंदापूर, १८३६

वर्ग नाही, शाळा नाही, कालवाही नाही. नीरा ओलांडून तू पलीकडच्या इंदापूर तालुक्यात उभी आहेस. उन्हात माणसं लोखंडी साखळी ओढत चालली आहेत. एक जण निशाण घेऊन पुढे जातो, दुसरा मागून आकडा ओरडतो, तिसरा लिहितो. कंपनी सरकारची मोजणी सुरू आहे. आधी प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेला सारा रयतेला झेपला नाही, गावं ओस पडली. म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी नव्याने जमीन मोजायला लागले आहेत. इथे जी पद्धत बसेल तीच पुढे मुंबई इलाख्यात जाईल. शेताला नंबर पडेल, मातीला प्रत लागेल, आणि नंबराखाली साऱ्याचा आकडा येईल.

त्या लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघ. कागदावर जमीन आली आहे. बांध आले, विहीर आली. बांधावरून रोज जाणाऱ्या बाईची पाऊलवाट मात्र आली नाही, कारण पाऊलवाटेवर सारा बसत नाही. मेंढ्यांचा वाडा वर्षातून दोनदा ज्या अंगाने जातो ते अंगही आलं नाही. हा कागद खोटा नाही. पुढे शेतकऱ्याला याच कागदाने हक्क दाखवता येईल. पण जमीन इथे बाहेरून, उभं राहून, मोजण्यासाठी पाहिली आहे.

आणखी २१ वर्षांनी, १८५७ साली, मुंबईत सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून कलाशाळा उघडते. तिथे मुलं प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकतात आणि यथार्थदर्शन शिकतात. चित्रकार एका जागी उभा राहतो, डोळा हलवत नाही, लांबची वस्तू लहान होत जाते आणि सगळ्या रेषा क्षितिजावर मिळतात. या शिस्तीतून महाराष्ट्राला उत्तम निसर्गचित्रकार मिळाले. तुझी पट्टीने मारलेली रेघही तिथूनच, कितीतरी शिक्षकांच्या हातांतून, नातेपुत्यापर्यंत पोचली. पण ती रेघ मारायला उभं राहावं लागतं. चालणाऱ्याला ती लागत नाही.

धामणगाव, १९४१

इथे हवा दमट आहे. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तलासरीकडचं हे वारली गाव. झापाच्या कडेला सात वर्षांचा एक मुलगा बसला आहे. त्याची आई वारली आहे आणि तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं आहे. काही हवं असेल तर तो धुळीत काढून दाखवतो. तू त्याच्याजवळ उकिडवी बस. तो वर बघणार नाही. बोटाने धुळीत एक माणूस काढतो, दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले. मग झाड, मग वाट. माणूस झाडापेक्षा लांब आहे म्हणून लहान काढायचा, हे त्याच्या गावीही नाही. जे त्याला सांगायचं आहे ते मोठं होतं. वारा येतो, चित्र जातं, तो पुन्हा काढतो.

हा जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४चा. अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहायला जाईल आणि आयुष्यभर तिथेच राहील.

तो अकरा वर्षांचा होतो ते साल १९४५. तू त्याच्याबरोबर चाल. वाटेत भेटणारी माणसं जमीनदाराच्या शेतावर वेठीला निघाली आहेत. त्यांच्यात लग्नगडी आहेत. लग्नाला पन्नास-शंभर रुपये कर्ज काढलं, त्यापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे बांधले गेले. त्याच वर्षी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने या पाड्यांवर वेठ आणि लग्नगडी नाकारायला माणसं उभी केली आणि ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. या माणसांच्या हातात तोवर कागद आला असेल तर तो अंगठा उठवण्यापुरता. ज्या जमिनीतली प्रत्येक वाट, ओहोळ आणि कंद त्यांना पाठ आहे, ती जमीन कागदावर दुसऱ्याची आहे.

लग्नघर

आता घरात ये. तू मुलगी आहेस म्हणून तुला थेट आत जाता येतं. कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवून वर गेरू दिला आहे. भात वाटून केलेलं पांढरं पाणी करवंटीत आहे. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आहे, तोच कुंचला. भिंतीशी सवासिणी बसल्या आहेत आणि मागे धवलेरी गाते आहे. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही, आणि चौक काढल्याशिवायही नाही.

चौकात पालघट देवी येते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव घोड्यावर. चौकाबाहेर हळूहळू सगळं शिवार भिंतीवर उतरतं. झाडं, वाघ, मोर, भाताची रोपं, नाचणारी माणसं. तू सवयीने क्षितिज शोधू लागतेस आणि ते सापडत नाही. झाडाचं खोड इथे, माणसं त्याच्या वर, बैल बाजूला, पण कुणीही हवेत तरंगत नाही. सगळी भिंतच जमीन आहे. तिचा गेरू अंगणातल्या मातीचाच, पांढरा रंग शेतातल्या भाताचाच. चित्र जमिनीचं आहे आणि जमिनीनेच काढलं आहे.

लग्न झाल्यावर हे चित्र कुणी जपून ठेवत नाही. ते धुरकट होईल, पोपडे पडतील, पुढच्या सारवणात जाईल. मुलीचं लग्न लागलं, पीक येवो असं देवीला सांगून झालं. भिंतीचं काम संपलं.

गंजाड, १९७० नंतर

आता पाड्यावर बाहेरचा माणूस आला आहे. भास्कर कुलकर्णी. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला, विणकर सेवा केंद्रात काम करणारा चित्रकार. त्याच्या मागे थोडं जाऊन ये. १९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यालाच मिथिलेत पाठवलं होतं. तिथल्या बाया लग्नाच्या कोहबर घरात भिंती रंगवत. कुलकर्णी गावागावात कागद घेऊन फिरला. भिंतीवर काढता तेच यावर काढा, विकून घरात दाणे येतील. दुष्काळी कामावर खडी फोडण्याऐवजी चित्र काढून पोट भरता येतं, हे तिथल्या बायांना त्या कागदाने दाखवलं.

तोच माणूस आता वारली पाड्यांवर कागद आणि रंग ठेवून जातो. बायका हाताळून बघतात. कळंबीपाड्यावर मात्र एक पुरुष पुढे होतो. लहानपणी धुळीत काढायचा तोच. लग्नाच्या भिंतीवर चौक काढणं हे सवासिणींचं काम, पण कागदाला कुठलाही विधी नव्हता, म्हणून जिव्याला मोकळीक होती. तो देवीच्या चौकापाशी थांबला नाही. शेतात, समुद्रावर, रानात, नाचाच्या खळ्यात त्याचा हात जाऊ लागला.

इथे एक गोष्ट मनाशी धर. या कागदाबरोबर चित्र बाजारात गेलं आणि बऱ्याच अंशी बायकांच्या हातून पुरुषांच्या हातात गेलं. ज्यांनी शेकडो वर्षं भिंतीवर ही रेघ जिवंत ठेवली, त्या सवासिणींपैकी बहुतेकींची नावं कुठल्याही प्रदर्शनाच्या पत्रिकेवर आली नाहीत. जिव्याच्या थोरवीने ते ऋण फिटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

१९७५. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड आहे, केकू गांधींची. पायऱ्या चढून वर ये. स्वच्छ भिंतींवर जिव्याचे कागद लावले आहेत. वर्षभरात त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळेल. २०११ मध्ये पद्मश्री मिळेल.

जाळं

आता एकाच चित्रासमोर थांब आणि घाई करू नकोस. पुढच्या काळात त्याने मासेमारीच्या जाळ्याची कितीतरी चित्रं काढली, शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगात. त्यातलं एक तुझ्यासमोर आहे.

लांबून तुला वस्तू दिसत नाही. फक्त पांढरी थरथर दिसते. बारीक रेघा एकमेकींत गुंतत सगळीभर पसरल्या आहेत, इथे दाट, तिथे सैल, मधेच वळसा घेऊन पुन्हा दाट. शहरातल्या कलादालनात हे टांगलं तर कुणीही अमूर्त चित्र म्हणेल. एक पाऊल पुढे ये. रेघांच्या मध्ये मासे आहेत. आणखी पुढे ये. कडेला जाळं ओढणारी माणसं आहेत, इतकी लहान की जाळं हाच सगळा प्रदेश झाला आहे. पाणी कुठेही काढलेलं नाही. जाळ्याच्या ताणावरून ते कळतं.

जिव्याने कुठल्याही अमूर्त चित्रकाराकडून काही घेतलेलं नाही. ज्याने जाळं विणलं, टाकलं आणि ओढलं त्याला पाणी असंच कळतं, हाताला येणाऱ्या ओढीतून. काठावर उभं राहून समुद्र बघणारा आडवी निळी रेघ काढतो. जाळं ओढणारा ओढ काढतो. म्हणून हे चित्र एकाच वेळी अमूर्त आहे आणि अगदी नेमकं आहे. वाऱ्याचं, पावसाचं, नाचाचं त्याने असंच केलं. वारली चित्रांतला तारपा नाच तू कपड्यांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर शंभरदा पाहिला आहेस. मधे तारपा फुंकणारा, भोवती हात धरलेली माणसं, आणि साखळीचं टोक सुटलेलं. तो आकार नाचणाऱ्यांच्या पायांनी खळ्यात उमटवलेला आहे. हात त्याची फक्त नक्कल करतो.

क्राउनपॉइंट

आता समुद्र ओलांड. न्यू मेक्सिकोतला क्राउनपॉइंट, १९६०चं दशक. हवा कोरडी झाली तशी तुला बरं वाटतं. लालसर माळ, खुरटी झुडपं, लांब सपाट माथ्याचे डोंगर आणि मेंढ्या. ही नवाहो लोकांची भूमी आहे. मेंढ्यांमागे एक मुलगी चालली आहे. १९५७चा जन्म, नाव एमी व्हाइटहॉर्स. माळशिरस तालुक्यातल्या मुलीला मेंढ्यांमागे चालणं समजावून सांगावं लागत नाही. फलटण-माळशिरसकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाकडे उतरतात आणि वाटेत खतासाठी शेतांत मेंढ्या बसवतात. त्यांना जसं कुठल्या पडकात कधी चारा असतो ते ठाऊक असतं, तसं या घराला ठाऊक आहे. या मुलीची आजी लोकर विणते. तुझ्याकडच्या सनगरांनी तिच्या मागावर बसून बघितलं असतं.

इथेही जमीन कागदावर दुसऱ्याची झाली होती. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नवाहोंना घरातून उठवून सुमारे ५०० किलोमीटर पायी बॉस्के रेडोंडोला नेलं. वाटेत आणि तिथे कितीतरी मेले. १८६८ मध्ये तह झाला आणि ते चालत परत आले. त्या तहाच्या कागदावर बऱ्याच नवाहो म्होरक्यांनी सही म्हणून फुली मारली आहे. पुढे १९३०च्या दशकात, जमिनीला इतकी जनावरं झेपत नाहीत म्हणून सरकारनेच त्यांचे मेंढ्यांचे कळप कमी केले.

यांच्याकडेही चित्र आहे, जमिनीवर रंगीत वाळू बोटांतून सोडून काढलेलं. आजारी माणसाला त्यावर बसवतात, मंत्र म्हणतात आणि विधी संपला की वाळू पुसून टाकतात. लग्नघरातली ती भिंत तुला आठवेल.

एमी मोठी होऊन विद्यापीठात चित्रकला शिकते आणि कागद निवडते. कागदावर ती रंगाची पूड आणि खडू हाताने चोळते, तळव्याने पसरवते, थरावर थर चढवते. त्या धूसर रंगात मग बिया, पानं, काटक्या, खुणा, तुटक रेघा तरंगू लागतात. हा तिच्या घराभोवतीचा माळ आहे, पण त्यात वर-खाली नाही, लांब-जवळ नाही. मेंढ्यांमागे दिवसभर चालल्यावर डोक्यात जे उरतं ते आहे, पायाशी दिसलेलं झुडूप आणि दुपारचा उजेड एकाच ठिकाणी. कागद तिने नंतर कॅनव्हासवर चिकटवला, म्हणजे तो टिकावा. २०२४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ही चित्रं लागली.

जिव्या आणि एमी यांची भेट झाली असं कुठे नाही. त्यांच्या चित्रांची जातही वेगळी आहे. एकाच्या रेघेत माणसांची गजबज, दुसरीच्या रंगात माणूसच नाही. पण दोघांनीही क्षितिज काढलं नाही, आणि दोघांनीही ते एकाच कारणाने काढलं नाही. दोघं जमिनीसमोर उभे नव्हते, जमिनीत होते.

पॅरिस, १९८९

ला व्हिलेतचं मोठं दालन. ज्यां-उबेर मार्तां याने सगळ्या जगातून शंभराच्या आसपास कलावंत जमवले आहेत, अर्धे पश्चिमेतले, अर्धे इतर देशांतले, सगळ्यांना सारखा मान. प्रदर्शनाचं नाव ‘पृथ्वीचे जादूगार’ अशा अर्थाचं आहे. जिव्या सोमा म्हसे त्यात आहे. मिथिलेच्या बौआ देवीही आहेत. पुपुल जयकर आणि भास्कर कुलकर्णी यांनी मिथिलेत आणि डहाणूत पेरलेला कागद इथे एका छपराखाली आला आहे. ते पाहायला कुलकर्णी राहिलेला नाही. तो १९८३ मध्ये गेला.

दालनात पुढे जा. जमिनीवर ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमूच्या आदिवासींनी मातीचं मोठं चित्र मांडलं आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताने चिखलाने, हातांनी, प्रचंड वर्तुळ काढलं आहे. हा तोच लाँग, ज्याने १९६७ मध्ये विद्यार्थी असताना एका गवताळ मैदानात एकाच रेषेत येरझारा घातल्या आणि गवत दबून उठलेल्या वाटेचा फोटो काढला. तेवढंच त्याचं चित्र होतं, चालून काढलेली रेघ. पुढे २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचं आणि जिव्याचं काम एकत्र मांडलं जाईल. युरोपातल्या कलेला यथार्थदर्शनाच्या पलीकडे, पायांपर्यंत यायला मोठा वळसा पडला. कळंबीपाड्यावर तो वळसा कधी घ्यावाच लागला नव्हता.

सदाशिवनगर, आषाढ

आता तू घराजवळ आहेस. ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडहून निघून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरली, नातेपुत्यात मुक्काम करून आज माळशिरसकडे निघाली आहे. वाटेत सदाशिवनगरला गोल रिंगण आहे. गर्दीत पुढे सरक. दिंड्यांनी मैदानात कडं धरलं आहे. पताका मोठ्या वर्तुळात धावतात, मग माउलींचा अश्व सुटतो. टापांनी एक वर्तुळ उमटतं, घोडा गेला की माणसं त्या वर्तुळावर झेप घेतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. काही क्षणांत ते वर्तुळ लोकांच्या कपाळांवर वाटलं गेलेलं असतं.

तुला कुणी समजावायची गरज नाही. तारप्याचं वर्तुळ तू पाहिलंस, चिखलाचं पाहिलंस, हे तिसरं. तुझ्या तालुक्यात दर आषाढात पायांनी चित्र निघतं. शेजारच्या बाईला विचार, नातेपुतं कुठे आहे. ती दिशा सांगणार नाही. फलटण, बरड, नातेपुतं, माळशिरस, वेळापूर असं म्हणत ती मुक्काम मोजेल. तिच्या मनात शिवाराचं चित्र आहे आणि त्यात क्षितिज नाही. मेंढपाळाच्या मनात आहे. चैत्रात मुंगी घाटाने कावड चढवणाऱ्यांच्या मनात आहे. कालव्याची पाळी कुठल्या रात्री येते ते जाणणाऱ्या शेतकरणीच्या मनात आहे.

आजवर त्यांच्या हातात जो कागद गेला तो मोजणीचा, कर्जाचा, साऱ्याचा. त्यावर त्यांनी अंगठा उठवला, फुली मारली, सही केली आणि तो परत दिला. भास्कर कुलकर्णीने कागद दिला आणि म्हटलं, यावर तुमचं काढा. त्याचं मोठेपण एवढ्याच कृतीत आहे. त्याने जिव्याला चित्र शिकवलं नाही. चित्र जिव्याकडे होतं.

म्हणून आता तुझा कागद घे. पट्टी बाजूला ठेव. चिकटकामाचं सामान काढ, गेरू, बारदानाचा तुकडा, घोंगडीचा धागा, उसाचं वाळलेलं पाचट, जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स फाडून. कालवा रेघ म्हणून येऊ दे, तो तुझ्या रानात शिरतो तिथे जाड. आजी वारीला ज्या वाटेने जाते ती सगळ्यात मोठी, कारण घरात तिच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं. मेंढ्यांचा वाडा जिथून जातो तिथे धागा चिकटव. डोंगर हवा असेल तर शिंगणापूरचा काढ आणि चढताना पाय कुठे दुखतात तेही काढ. कुणी म्हणेल, यात देखावा कुठे आहे. त्याला म्हण, ही आमची जमीन आहे, आम्ही हिच्यावरून चालतो.

नातेपुत्याची ही चित्रं अजून कुणी काढलेली नाहीत, पण ती काढू शकणारी माणसं घराघरात आहेत. चित्रकलेचा तास घेणाऱ्या प्रत्येकाने कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवावा आणि आधी त्यांना विचारावं, तुम्ही इथे कुठून चालत आलात.